त्या व्हिडिओतला मेंदू माणसाचा नाही

दहावीचा निकाल लागला आणि नाशिकमधल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरू लागला. काळ्या पडद्यावर लुकलुकणारे हजारो ठिपके, खाली मजकूर: 'माणसाचे विचार आता थेट दिसतात! मूल सायन्सला शोभेल की कॉमर्सला, हे पाच मिनिटांच्या स्कॅनमध्ये कळणार.' मी जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे यावर गप्प बसवत नाही.

माणसाचा मेंदू? ते झेब्रामाशाचं पिल्लू आहे. लांबी जेमतेम चार मिलिमीटर, अंग पारदर्शक. २०१३ साली अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रात मिशा आरेन्स आणि फिलिप केलर यांनी अशा पिल्लाच्या मेंदूतल्या सुमारे एक लाख चेतापेशींपैकी ८० टक्क्यांहून जास्त पेशी एकेक करून ओळखता येतील असं चित्रण केलं. आपल्या डोक्यात अशा पेशी सुमारे ८६ अब्ज, आणि वर प्रकाश अडवणारी कवटी.

असं चित्रण ज्या 'लाइट-शीट' सूक्ष्मदर्शकाने होतं, त्या तंत्राची खरी करामत मात्र व्हिडिओखालच्या मजकुरात आलेलीच नाही. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात कवडसा पडला की फक्त त्याच्या वाटेतली धूळ चमकते, तसा लेसरचा पातळ पडदा एका वेळी मेंदूचा एकच थर उजळतो आणि कॅमेरा तो अख्खा थर एका दमात टिपतो. कोलंबिया विद्यापीठात एलिझाबेथ हिलमन यांच्या गटाने २०१५ मध्ये 'स्केप' हे तंत्र मांडलं. त्यात तिरपा प्रकाश सोडणं आणि परतणारा गोळा करणं, दोन्ही एकाच भिंगातून होतं. आरसा हलवून प्रकाशाचा पडदाच सरकवतात, प्राण्याला हलवावं लागत नाही. म्हणून सेकंदाला दहाहून जास्त त्रिमितीय चित्रं मिळतात आणि सरपटणारी फळमाशीची अळीसुद्धा टिपता येते. मला हे फार मोलाचं वाटतं.

'विचार दिसतात' हेही खरं नाही. जनुकं बदलून पिल्लाच्या चेतापेशींत जीकॅम्प नावाचं प्रथिन बनवलेलं असतं. पेशी उद्दीपित झाली की आत कॅल्शियम शिरतं आणि प्रथिन उजळतं. विद्युत संदेश एक-दोन मिलिसेकंदांत संपतो, उजेड त्यानंतरही बराच रेंगाळतो. म्हणजे कोणती पेशी साधारण केव्हा जागी झाली, एवढं कळतं.

राहिला शाखा निवडण्याचा स्कॅन. असा स्कॅन नाही. कोणी त्यासाठी पैसे मागितले, तर मुलाच्या पेशींत कोणतं प्रथिन घातलं आणि कवटीतून प्रकाश कसा नेला, हे आधी विचारा.