पायाच्या ऑपरेशनचा तो फॉरवर्ड, आणि आईच्या पिशवीतला बिस्किटाचा पुडा

शुगरमुळे जखम चिघळली म्हणून आईच्या पायाचं बोट काढायचंय. दोन दिवसांवर ऑपरेशन आलं आणि मामीने ग्रुपवर फॉरवर्ड टाकला: पाठीत सुई देऊन कमरेखालचं बधिर करणं हे नवीन फॅड आहे, लकवा होतो, कंबर कायमची जाते, पूर्ण भूलच मागा आणि शुगरवाल्यांनी गुपचूप खाऊन जा. आई लगेच म्हणाली, मला नकोच ते ऑपरेशन.

आधी खाण्याचं बोलते, कारण ते जिवावर बेततं. काल पिशवी भरताना साडीच्या घडीत ग्लुकोज बिस्किटांचा पुडा सापडला, माझ्या पोटात गोळाच आला. भुलीत गिळण्या-खोकण्याची शुद्ध राहत नाही, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, त्यात जुन्या शुगरवाल्यांचं पोट मुळातच हळू रिकामं होतं. म्हणून खाणं किमान 6 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. शुगर उतरायची भीती असेल तर नर्सला सांगा, सलाईनमधून ग्लुकोज देतात, आणि चुकून खाल्लंच असेल तर लपवू नका, ऑपरेशन पुढे ढकलतील, एवढंच.

फॅड म्हणे! 1898 मध्ये जर्मनीत ऑगस्ट बिअरने पहिल्यांदा ही सुई दिली ती घोट्याच्याच ऑपरेशनला.

लकव्याचं: ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ अनेस्थेटिस्ट्सने 2009 मध्ये अख्ख्या देशाचा हिशोब मांडला. वर्षाला 7 लाखांवर अशा सुया, आणि शंकेच्या केसेस धरूनही कायमची इजा लाखात साधारण 4 जणांना. मज्जारज्जू वरच संपतो, सुई त्याच्या खाली देतात.

डोकं दुखतं काहींचं, हे खरंय, मान्य. बसलं की जास्त, पडलं की कमी, आणि बारीक सुयांमुळे तेही कमी झालंय. टोचलेली जागा दोन-चार दिवस दुखते. पण 'सिझरला सुई घेतली तेव्हापासून कंबर धरलीये' म्हणणाऱ्यांनी नऊ महिन्यांचं ओझं आणि नंतरची उचल-ठेवही मोजावी ना.

आणि मुळात पाठीत सुई लागतेच असं नाही, हे त्या फॉरवर्डमध्ये कुठेच नाही! घोट्याभोवती पाच नसा बधिर करून फक्त पाऊल सुन्न करता येतं. आईचं हार्ट थोडं कमजोर आहे, म्हणून भूलतज्ज्ञ मॅडमनी तेच सुचवलंय. आईने त्यांना एकच विचारलं, हाड कापताना आवाज ऐकू येईल का. त्या म्हणाल्या, शिरेतून थोडं झोपेचं औषध देऊ, डुलकी लागेल. तेव्हा कुठे तयार झाली.

मामी, तो मेसेज ग्रुपवरून काढ.