प्रश्न कापला, उत्तर फिरवलं

आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात मावसभावाने एक फॉरवर्ड टाकला. इथल्या लंडनच्या दोन मराठी ग्रुपांवरही तोच आला. मजकूर असा: "हा स्टॉर्मझी नावाचा रॅपर घानाहून ब्रिटनमध्ये आला, कोट्यधीश झाला आणि आता म्हणतो की ब्रिटन १०० टक्के वर्णद्वेषी आहे. शाळा सोडलेला गुंड, बड्या कंपनीने डोक्यावर बसवलेला. केंब्रिजमध्ये शिष्यवृत्ती देतो, पण फक्त काळ्यांना. ग्रेनफेलच्या मयतांवर राजकारण करतो. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी जमात!"

खाली चाळीस अंगठे आणि 'अगदी खरं' असे शेरे. दादा, तू माणूस म्हणून चांगला आहेस आणि हे तू द्वेषाने पाठवलं नाहीस, हे मला माहीत आहे. पण मी साउथ लंडनमध्ये राहते, थॉर्नटन हीथच्या क्लॉक टॉवरवरून आठवड्यातून चारदा बसने जाते, आणि हा मुलगा त्याच भागातला आहे. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देते.

आधी '१०० टक्के'. सगळा फॉरवर्ड याच खुंटीवर टांगलेला आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये 'ला रिपब्लिका' या इटालियन वृत्तपत्राने स्टॉर्मझीची मुलाखत घेतली. ब्रिटनमध्ये अजूनही वर्णद्वेष आहे का, असं विचारल्यावर तो म्हणाला, नक्कीच, १०० टक्के. म्हणजे, आहे का? तर आहे, यात शंका नाही. आपण रोज असंच बोलतो. "तुमच्याकडे डास आहेत का?" "शंभर टक्के!" यावरून कोणी 'गावात डासांशिवाय काही नाही' असा अर्थ काढत नाही. तरीही ब्रिटनमधल्या बातम्यांत मथळे झळकले की स्टॉर्मझी म्हणतो, ब्रिटन १०० टक्के वर्णद्वेषी. प्रश्न गळाला आणि 'खात्रीने' या अर्थाचा शब्द 'संपूर्ण देश' या अर्थाने उभा राहिला. त्याने ट्विटरवर संतापून हे खोडून काढलं. आयटीव्ही न्यूजने चूक कबूल करून माफीही मागितली. पण माफी कोण फॉरवर्ड करतं? मथळा मात्र इंग्रजीतून मराठीत येईपर्यंत आणखी कडक झाला.

त्यामागचा काळही बघ. १२ डिसेंबरला निवडणूक झाली होती, स्टॉर्मझीने उघडपणे लेबर पक्षाला पाठिंबा दिला होता आणि मंत्री मायकल गोव्ह यांनी 'राजकीय विश्लेषकापेक्षा तो रॅपर म्हणून कितीतरी बरा' असा शेरा मारला होता. वातावरण आधीच तापलेलं होतं. अशा वेळी अर्धं वाक्य हाती लागलं की कोणी पूर्ण वाक्य शोधत नाही.

आणि 'नक्कीच आहे' असं त्याला का वाटावं? फेब्रुवारी २०१७ मध्ये तो राहत असलेल्या चेल्सीतल्या फ्लॅटमध्ये चोर शिरल्याचा फोन पोलिसांना गेला, आणि पोलिसांनी दार फोडलं. आत चोर नव्हता, भाडेकरू होता. घरफोडीचा संशय आलेला काळा माणूस तोच. दुसरी गोष्ट कागदावरची आहे. लंडनच्या पोलिसांचा 'फॉर्म ६९६' नावाचा एक अर्ज होता, २००५ पासूनचा. क्लबमध्ये कार्यक्रम ठेवायचा तर आयोजकांनी तो भरायचा. सुरुवातीच्या अर्जात संगीताचा प्रकार कोणता आणि येणारे प्रेक्षक कुठल्या वंशाचे, हेही विचारलेलं होतं. वंशाचा प्रश्न पुढे काढला, पण अर्ज चालूच राहिला आणि ग्राइम या लंडनच्या रॅपसारख्या संगीताचे कार्यक्रम त्यामुळे रद्द होतात अशी तक्रार कलाकार वर्षानुवर्षं करत राहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो अर्ज बंद झाला. ज्या मुलाने या अर्जाच्या काळात गाणं सुरू केलं, त्याला 'अजून वर्णद्वेष आहे का' असं विचारलं तर तो दुसरं काय म्हणणार?

'घानाहून आला.' नाही. मायकल ओमारी, म्हणजेच स्टॉर्मझी, २६ जुलै १९९३ रोजी इथेच, साउथ लंडनच्या क्रॉयडनमध्ये जन्मला. आई घानाची, तिने एकटीने मुलं वाढवली. ज्याचं अख्खं बालपण थॉर्नटन हीथच्या रस्त्यांवर गेलं त्याला 'खाल्ल्या घरचे वासे' कसे लागू होतात? घर त्याचंच आहे. स्वतःच्या घराच्या वाशाला वाळवी लागली तर ती घरच्यांनीच सांगायची. हा मुद्दा मला आतून लागतो, कारण आमची मुलंही इथेच जन्मली आहेत. उद्या त्यांनी शाळेतल्या किंवा नोकरीतल्या भेदभावाबद्दल तोंड उघडलं तर त्यांनाही 'तुम्ही कुठून आलात' हेच ऐकवायचं का?

'शाळा सोडलेला गुंड.' शाळेत तो व्रात्य होता, हे त्याने स्वतः सांगितलंय. वयात येताना आजूबाजूला गुंडगिरी होती, हेही तो लपवत नाही. त्याच्या पहिल्या अल्बमच्या नावातच टोळीच्या खुणा आणि प्रार्थना शेजारी शेजारी आहेत. पण सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत, त्याने मुलाखतीत सांगितल्याप्रमाणे, त्याला सहा विषयांत ए स्टार, तीनमध्ये ए आणि तीनमध्ये बी मिळाले. ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या बारावीला, मात्र गाडी घसरली आणि विद्यापीठ राहिलं. मग काही काळ तो साउदॅम्प्टनजवळच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या कामावर होता. हुशार मुलगा, अठराव्या वर्षी वाट चुकलेला, नोकरी करता करता गाणी लिहिणारा. अशी मुलं आपल्या प्रत्येक चाळीत आणि सोसायटीत असतात, त्यांना आपण गुंड म्हणत नाही.

'कंपनीने डोक्यावर बसवला.' यासाठी ग्राइम म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगायला हवं. हे अमेरिकेचं हिप-हॉप उचलून आणलेलं नाही. या शतकाच्या सुरुवातीला पूर्व लंडनमध्ये, 'बो' नावाच्या भागाच्या आसपास, बेकायदा रेडिओ केंद्रांवर हे घडलं: मिनिटाला साधारण १४० ठोके, कोरडी इलेक्ट्रॉनिक चाल आणि लंडनच्याच बोलीत झरझर म्हटलेले शब्द. वायली आणि डिझी रास्कल ही त्यातली आधीची नावं. डिझीला २००३ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला.

स्टॉर्मझीने त्याच परंपरेत स्वतःच्या बळावर सुरुवात केली. २०१४ मध्ये पहिला ईपी, म्हणजे छोटा अल्बम, स्वतःच काढला आणि त्याच वर्षी, कुठल्याही कंपनीशी करार नसताना, बीबीसीवर जूल्स हॉलंडच्या संगीताच्या कार्यक्रमात गायला. २०१५ च्या मे महिन्यात त्याने एका बागेत चित्रफीत केली. दादा, ती एकदा नुसती बघ. लाल ट्रॅकसूट घातलेला साडेसहा फुटी मुलगा, मागे घोळका करून उभे मित्र. सेट नाही, नर्तिका नाहीत, भाड्याची गाडी नाही. चालसुद्धा नवी नाही, २००४ मध्ये एक्सटीसी नावाच्या निर्मात्याने केलेली आहे. तो शब्द टाकतो, मित्र हसतात, ओरडतात, एकेक जागा त्याच्याबरोबर म्हणतात. 'शट अप' हे गाणं तिथून उचललं गेलं आणि डिसेंबरात यूकेच्या यादीत आठव्या क्रमांकावर गेलं. हे पैसे ओतून झालेलं नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये 'गँग साइन्स अँड प्रेयर' आला, तोही त्याच्या स्वतःच्या 'मर्की' या लेबलवर. यूकेच्या अल्बम यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेला तो पहिला ग्राइम अल्बम. पुढे बड्या कंपन्या आल्या, हे खरं: दुसऱ्या अल्बमला अटलांटिक आणि नंतर डेफ जॅम. पण क्रम लक्षात घे. माणूस आधी उभा राहिला, कंपन्या नंतर आल्या.

आता केंब्रिज. यावर इथल्या मराठी घरांतही बरेच गैरसमज ऐकते, म्हणून जरा थांबते.

ऑगस्ट २०१८ मध्ये ही शिष्यवृत्ती जाहीर झाली. सुरुवातीला वर्षाला दोन काळे ब्रिटिश विद्यार्थी, प्रत्येकाला वर्षाला १८,००० पौंडांपर्यंत. तेव्हा इंग्लंडमध्ये पदवीची फी वर्षाला ९,२५० पौंड होती. म्हणजे फी आणि राहण्याखाण्याचा खर्च मिळून ही रक्कम. 'काळ्यांसाठीच' हे वाक्य खरं आहे, त्याने कधी लपवलंही नाही. खोटं आहे ते त्यातून सुचवलेलं: की कुणा गोऱ्या मुलाची जागा गेली. प्रवेश विद्यापीठ देतं, नेहमीच्या कसोट्या लावून. प्रवेशाचं पत्र हाती आलेल्या मुलांमधूनच ही निवड होते. जागा एकही वाढत नाही, एकही कमी होत नाही. पैसा त्याच्या खिशातला. मागे पडलेल्या गटासाठी अशी मदत करायला २०१० च्या समता कायद्यात वाट ठेवलेली आहे. शिवाय जुन्या विद्यापीठांत अमुक परगण्यातल्या, अमुक शाळेतल्या, पाद्र्यांच्या घरातल्या मुलांसाठी ठेवलेले निधी पिढ्यान् पिढ्या आहेत. त्यावर कधी फॉरवर्ड आला नाही.

गरज होती का? २०१८ मध्ये केंब्रिजने पदवीला प्रवेश दिलेले काळे विद्यार्थी होते ६१. पुढच्या वर्षी ९१, आणि नव्या विद्यार्थ्यांत त्यांचं प्रमाण पहिल्यांदाच तीन टक्क्यांच्या वर गेलं. विद्यापीठानेच याला 'स्टॉर्मझी इफेक्ट' म्हटलं, अर्थात इतरांच्या कामाचंही श्रेय देत. शिष्यवृत्ती मिळणारे होते मोजके. बाकीच्यांना एक पैही मिळाली नव्हती. त्यांना एवढंच दिसलं की थॉर्नटन हीथचा माणूस केंब्रिजचं नाव घेतोय, म्हणजे अर्ज करायला हरकत नाही. ज्या घरातून आधी कोणी कॉलेजात गेलेलं नसतं, त्या घरात अर्ज भरण्याआधीच 'ते आपल्यासारख्यांसाठी नाही' असं ठरून जातं. महाराष्ट्रात वसतिगृहं आणि शिष्यवृत्त्या उभ्या करणाऱ्यांनी याच भिंतीवर घाव घातले होते. हे आपल्याला समजावून सांगायला लागू नये.

२०२१ पासून एचएसबीसी बँक यात आली आणि तीन वर्षांत आणखी ३० विद्यार्थ्यांची सोय झाली.

एक प्रतिप्रश्न मात्र खरा आहे: मग गरीब गोऱ्या मुलांचं काय? डिसेंबर २०१९ मध्येच सर ब्रायन थ्वेट्स यांनी गरीब गोऱ्या मुलांसाठी डलिच आणि विंचेस्टर या शाळांना मिळून दहा लाख पौंडांहून अधिक देऊ केले आणि दोन्ही शाळांनी ते नाकारले. गरीब गोरी मुलं शिक्षणात मागे पडतायत आणि त्यांच्यासाठी कोणीतरी उभं राहायला हवं, असं मलाही वाटतं. पण नकार शाळांनी दिला. तो जाब स्टॉर्मझीकडे मागण्यात काय अर्थ?

'ग्रेनफेलवर राजकारण.' १४ जून २०१७ च्या रात्री पश्चिम लंडनमधला ग्रेनफेल टॉवर पेटला. ७२ माणसं गेली. त्याच महिन्यात मदतनिधीसाठी काढलेल्या गाण्यात स्टॉर्मझीने आवाज दिला. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिट या संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात, त्याला दोन सर्वोच्च पुरस्कार मिळाले त्या रात्री, मंचावर कोसळणाऱ्या पाण्यात चिंब उभा राहून त्याने थेट पंतप्रधान थेरेसा मे यांचं नाव घेऊन विचारलं की ग्रेनफेलचे पैसे कुठे आहेत. दुसऱ्या दिवशी डाउनिंग स्ट्रीटला उत्तर द्यावं लागलं.

पुढचं कमी लोकांना माहीत आहे. चौकशी एकट्या न्यायाधीशांकडे नको, सोबत आणखी सदस्य हवेत, ही मृतांच्या नातेवाइकांची मागणी होती आणि मे यांनी ती आधी फेटाळली होती. नातेवाइकांच्या अर्जावर सह्या करा, असं आवाहन स्टॉर्मझीने मे २०१८ मध्ये केलं. सह्या एक लाखाच्या वर गेल्या आणि ११ मे रोजी पंतप्रधान मे यांनी दोन सदस्य वाढवायचं मान्य केलं. लढाई त्या कुटुंबांची होती, श्रेयही त्यांचंच. पण हा माणूस त्यांच्या मागे उभा राहिला, त्यांच्या पुढे नाही. याला मयतांवरचं राजकारण म्हणणं मला सहन होत नाही.

त्याच्या चुका? आहेत. २०१७ मध्ये त्याची जुनी समलिंगीद्वेषी ट्वीट्स बाहेर आली. ती घाणेरडी होती, त्याने माफी मागितली. २०२४ मध्ये गाडी चालवताना फोन वापरताना पकडला गेला आणि पुढच्या जानेवारीत कोर्टाने नऊ महिन्यांसाठी त्याचं वाहन चालवणं बंद केलं. यावर त्याला हवं तेवढं बोला, मी आड येणार नाही. फॉरवर्डमध्ये यातलं एकही नाही, हे मात्र बघण्यासारखं आहे.

'वासे मोजणारा' हा शब्द वाचला की मला २८ जून २०१९ ची रात्र आठवते. ग्लास्टनबरी या मोठ्या संगीत महोत्सवाच्या मुख्य मंचावर शुक्रवारचा शेवटचा कार्यक्रम त्याचा होता. तो मान मिळालेला पहिला काळा ब्रिटिश एकल कलाकार. अंगावर बँक्सी या निनावी भित्तिचित्रकाराने रंगवलेलं, चाकूच्या वारापासून वाचवणारं जॅकेट. छातीवर युनियन जॅक, पण लाल-निळा नाही, काळा-पांढरा. लंडनमध्ये पोरं पोरांना भोसकतायत हे त्याने देशाच्या झेंड्यावरच मांडलं. त्याच मंचावर त्याने एकामागून एक ब्रिटिश रॅपरांची नावं घेतली, आधीच्यांची आणि नंतरच्यांची. कार्यक्रम चालू असतानाच त्याच्या कानातल्या यंत्राचा आवाज गेला होता, सगळं बिघडलं असं वाटून खाली उतरल्यावर तो रडला. मग रेकॉर्डिंग पाहिलं तेव्हा कळलं, कार्यक्रम किती जमला होता ते.

दादा, मी तुला त्या मुलाखतीतला प्रश्न आणि उत्तर, दोन्ही एकत्र, वेगळं पाठवलंय. ग्रुपवर त्या फॉरवर्डच्या खाली तूच टाक. माझ्यापेक्षा तुझं ऐकतात सगळे.