गिरणगावाचा संग्रह कुठे शोधावा?

चित्रपट आणि चित्रांच्या संग्रहांतून स्थलांतरितांचा इतिहास वाचता येतो, असे एका लेखात वाचले, आणि ते म्हणणे मला पटते. मात्र गिरणगावाचा, म्हणजे मुंबईतल्या कापडगिरण्यांभोवतीच्या कामगारवस्तीचा, विचार केला की या संग्रहांची मर्यादाही जाणवते. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने मोठे काम केले आहे, परंतु कोकणातून आणि घाटावरून आलेले चाकरमानी एकेका खोलीत पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत आणि शिमगा-गणपतीला गाव गाठत, ते जगणे पडद्यावर फार थोडे उतरले. ते अधिक सापडते शाहिरीत. वाटेगावहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत एका माणसाच्या ताटातुटीला काही मराठी भाग बाहेर राहिलेल्या संयुक्त महाराष्ट्राच्या अपुरेपणाशी जोडले, आणि म्हणूनच ती मला कोणत्याही जनगणनेच्या तक्त्याइतकीच महत्त्वाची नोंद वाटते. चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांतही बदलत्या शहरातला कष्टकरी माणूस ठळकपणे उभा आहे. १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर विखुरलेल्या कुटुंबांकडे भजनी मंडळांच्या वह्या, गावकीच्या (एकाच गावच्या लोकांच्या सामाईक) खोल्यांची हिशेबपुस्तके आणि स्टुडिओत काढलेली छायाचित्रे अजून असतील. ती पिढी हयात असेपर्यंत त्यांची नोंद व्हावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.