वनपट्टा (कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काचा कागद) म्हणजे सरसकट १० एकर नव्हे
सुरगाणा-पेठच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, वनहक्क कायद्यात प्रत्येक आदिवासी कुटुंबाला १० एकर मिळणार आणि नंतर ती विकता पण येणार. दोन्ही चूक. ४ हेक्टर, म्हणजे साधारण १० एकर, ही वरची मर्यादा आहे हो, वाटप नाही, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जेवढं स्वतः कसताय तेवढंच, म्हणजे नागली-वरईचं दीड एकर असेल तर पट्टा दीड एकराचाच. विकता येत नाही, फक्त वारसाला जातो. आणि पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचं नाव लागतं, हे मात्र मेसेजमध्ये कुणी टाकत नाही! दाव्यासाठी एजंटला पैसे देऊ नका, २०१८ ला लोक नाशिकहून मुंबईला पाय सोलेपर्यंत चालले त्यात वनपट्टे द्या हीपण मागणी होती, दावा ग्रामसभेकडेच टाकायचा.