सुगी संपल्यावर या, आणि आधी विचारून या

दिवाळी झाली की आमच्या घरच्या ग्रुपवर एकच विषय चालतो, डिसेंबरात तंबू कुठं ठोकायचा. यंदा नाताळच्या सुट्टीत पुण्याहून दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं येणार आहेत. परवा भाऊजींनी एक रील पाठवलं. काळ्या कातळावर केशरी तंबू, खाली हिरवट निळा डोह, पलीकडं गच्च जंगल. "वहिनी, हे तुमच्या खानापूर तालुक्यातलंच ना? इथंच जाऊ या." मी एका शब्दात "नको" असं कळवलं. रात्री झोपताना वाटलं, इतक्या हौसेनं विचारलेल्या माणसाला असं तोडून सांगणं बरं नव्हे. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आमच्या बेळगावातली बरीच मंडळी हल्ली खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडं तंबू घेऊन निघतात, त्यांनीही वाचावं.

भाऊजी, पहिली गोष्ट, तो कातळ भीमगड अभयारण्यात आहे. २०११ साली ते जाहीर झालं, साधारण १९० चौरस किलोमीटरचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगीशिवाय आत जाताच येत नाही, आणि आत विस्तव पेटवणं हाही गुन्हा आहे. तिथल्या बारापेडे गुहांमध्ये एक दुर्मीळ वटवाघूळ राहतं. १९१३ साली शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली आणि त्यानंतर कित्येक दशकं जगात दुसरीकडं कुठं त्याची वस्ती माहीतच नव्हती. अशा ठिकाणी आपण स्पीकर आणि टॉर्च घेऊन जायचं?

पण मला कायद्यापेक्षा जास्त बोचतं ते वेगळंच. आमगाव, गवाळी, पास्टोली, कोंगळा ही गावं त्याच जंगलात आहेत. पावसाळ्यात तिथलं कुणी आजारी पडलं की तिरडीसारखा स्ट्रेचर बांधून, खांद्यावर घेऊन, चिखलातून नि ओढ्यांतून माणसाला रस्त्यापर्यंत आणावं लागतं. 'तरुण भारत' पेपरात असे फोटो दर पावसाळ्यात येतात. अभयारण्य आहे म्हणून त्यांच्या रस्त्याचं काम अडतं. ज्या जंगलात गावच्या माणसाला साधा रस्ता मिळत नाही, तिथं आपण शनिवार-रविवारच्या मजेसाठी चोरवाटेनं घुसायचं, हे मला तरी जमणार नाही. जंगलातच राहायची ओढ असेल तर हेमाडग्याला वनखात्याचं निसर्ग शिबिर आहे. आगाऊ बुकिंग करा, त्यांच्या माणसाबरोबर फिरा. तो मार्ग सरळ आहे.

आता दुसरी गोष्ट, जी मी आजवर घरातल्या मोजक्या माणसांनाच सांगितली आहे.

आठ-नऊ वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आम्ही चौघं जांबोटीच्या अलीकडं मलप्रभेच्या पात्रात तंबू लावला होता. पात्रात म्हणजे अगदी पात्रात. पाणी एका कडेनं वाहत होतं आणि दुसरीकडं वाळू-गोट्यांचा सपाट पट्टा मोकळा होता. ह्यांना वाटलं, एवढी सपाट जागा दुसरीकडं कुठं मिळणार! मुलगी तेव्हा पहिलीत होती. डोक्यावर आभाळ स्वच्छ होतं. रात्री साडेनऊच्या सुमारास वरच्या बांधावरून टॉर्च हलायला लागली आणि कुणीतरी ओरडलं, "ओ पावनं! नदीत झोपतंय काय कोण? पोरास्नी उचला आणि वर चला!" खांद्यावर घोंगडं, हातात काठी, असे एक आजोबा. ह्यांनी म्हटलं, "पाऊस तर नाही." आजोबा म्हणाले, "हितं नाही. वर कणकुंबीकडं बघा, ईज कशी मारायलीय."

आम्ही वर बघितलं. पश्चिमेला डोंगरामागं सारखा उजेड होत होता, आवाज मात्र नव्हता. आम्ही सामान गोळा करायला लागलो तर आजोबा रागावले, "सामान ऱ्हाऊ दे!" पण ह्यांनी तंबू तसाच ओढून वर आणला. तासाभरात तो गोट्यांचा पट्टा दिसेनासा झाला. फार मोठा पूर होता असं नाही. गुडघ्या-मांडीइतकं गढूळ पाणी, पण त्याला ओढ अशी की एक वाळकं लाकूड आमच्या डोळ्यांसमोर भरकन निघून गेलं. मी मुलीला छातीशी धरून बांधावर बसले होते. ते लाकूड मला आजही दिसतं.

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. बेळगावात जेवढा पाऊस पडतो त्याच्या दुपटीहून जास्त कणकुंबीत पडतो. सह्याद्रीच्या माथ्यावरचं गाव ते. तिथं एका उतारावर पडलेलं पाणी मलप्रभेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जातं, आणि शेजारच्या उतारावरचं म्हादईतून गोव्याकडं, अरबी समुद्राला. माथा जवळ, उतार तीव्र आणि पात्र अरुंद, त्यामुळं वर झोडपलं की इथं पोचायला पाण्याला वेळ लागत नाही. परतीचा पाऊस तर एका डोंगरावर कोसळतो आणि दुसरा कोरडा ठेवतो. आपल्या डोक्यावरचं आभाळ बघून नदीचा अंदाज करायचा नसतो, हे बेळगावात जन्म काढून मला माहीत नव्हतं. हब्बनहट्टीचा स्वयंभू मारुती नदीकाठीच आहे. पावसाळ्यात ते देऊळ पाण्याखाली जातं, पेपरात बातमी येते, आम्ही वाचतो आणि पान उलटतो. नदीला किती जागा लागते हे ते देऊळ दरवर्षी सांगतं. काठावर कुठंही उभं राहिलात की झाडांच्या फांद्यांत अडकलेला पाचोळा आणि फाटक्या पिशव्या बघा. पाणी कुठवर आलं होतं ते तिथं दिसतं. तंबू त्या रेघेच्या वर.

त्या रात्री आजोबांनी आम्हाला घरी नेलं. आजींनी उकड्या भाताची पेज आणि लोणचं दिलं, भाताच्या पिंजरावर, म्हणजे पेंढ्यावर, जाड वाकळ टाकून झोपवलं. सकाळी निघताना ह्यांनी पैसे पुढं केले. आजोबांनी घेतले नाहीत. एवढंच म्हणाले, "यायचं असंल तर सुगी संपल्यावर या. आणि आधी इचारून या. शिवार काय पळून जातंय?"

तेव्हापासून आम्ही तसंच करतो, आणि मी ठाम सांगते की आपल्या भागात तंबू ठोकायला याच्याइतकी चांगली रीत नाही. खानापूर तालुक्यात दिवाळीच्या पुढं-मागं भातकापणी सुरू होते. डिसेंबरच्या मध्यापर्यंत मळणी आटोपलेली असते, वाफे मोकळे असतात. नदीपासून एक-दोन बांध वर असलेला कोरडा वाफा म्हणजे तंबूसाठी केलेलं अंगणच. सपाट असतो, दगड वेचलेले असतात, बाजूला बांधाचा आडोसा. मात्र मोकळा दिसणारा प्रत्येक वाफा मोकळा नसतो. भातानंतरच्या ओलीवर बरेच जण मसूर, वाटाणा, हरभरा टाकतात. उगवलेलं बारीक रोप शहरातल्या माणसाला गवत वाटतं आणि आपण त्यावरून गाडी नेतो. म्हणून मालकाला विचारायचं. फोनवर नव्हे, एकदा आधी जाऊन, चहा पिऊन, जागा डोळ्यांनी बघून. निम्मी सहल तिथंच होते.

थंडीचं सांगते, कारण जाऊबाईंना सर्दीचा त्रास आहे. बेळगावात पारा १३-१४ अंशांवर येतो तेव्हा नदीकाठच्या खोलगट भागात त्याहून गार असतं. गार हवा जड असते, ती रात्री उतरून खाली साठते. पाण्याला चिकटून झोपणारा कुडकुडतो आणि दोन बांध वर झोपणाऱ्याला साधी चादरही बरी पडते, हा आमचा दोन्हीकडचा अनुभव आहे. तंबूच्या खाली हातभर पिंजर पसरायचं आणि त्यावर ताडपत्री टाकायची. हजारांच्या गादीला ती ऊब येत नाही. तंबूच्या खिडक्या मात्र थोड्या उघड्या ठेवा, नाहीतर आपल्याच श्वासाची वाफ आतून थेंब होऊन टपकते आणि पहाटे सगळ्यांची पांघरुणं ओली.

पिंजराचं नाव काढलं म्हणून विस्तवाचं सांगते. खळ्यात पिंजराच्या गंज्या असतात. ती वर्षभराची वैरण आहे. एक ठिणगी पडली तर त्या घरची जनावरं उन्हाळ्यात उपाशी. आम्ही शेकोटी मालक दाखवील तिथंच पेटवतो, सरपण त्यांच्याकडून विकत घेतो, झोपण्याआधी पाणी ओतून राख हातानं चाचपून बघतो. स्वयंपाक छोट्या गॅसवर. जेवणाचं काही तंबूत ठेवत नाही. अस्वलं, रानडुकरं, गवे हे त्या भागातले शेजारी आहेत, अधूनमधून दांडेलीकडचे हत्तीही येतात. रात्री शिवारात एकट्यानं हिंडायचं नाही. हे मुलांना घाबरवून नव्हे, नीट समजावून सांगा, ती ऐकतात.

गोचिडांकडं दुर्लक्ष करू नका. शेजारच्या, गोव्यातल्या सत्तरी आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यांत गेल्या दशकात माकडतापानं माणसं गेली आहेत. तो गोचिडांमुळं होतो आणि त्याचा मोसम नेमका थंडी-उन्हाळ्याचा. जंगलाच्या कडेला पाचोळ्यावर बसायचं नाही, पूर्ण पँट आणि मोजे घालायचे, संध्याकाळी मुलांच्या काखा आणि मान बघायची. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता गावात किंवा दवाखान्यात कळवायचं.

पाण्यात उतरण्याबद्दल माझा हट्ट आहे आणि तो मी सोडणार नाही. डिसेंबरात मलप्रभा नितळ असते, तळाचे गोटे दिसतात, म्हणून उथळ वाटते. कातळात मात्र पाण्यानं कोरलेले खड्डे असतात, पाऊल घोट्याइतक्या पाण्यात आणि पुढचं एकदम डोहात. गावची मुलं जिथं पोहतात तिथंच, त्यांच्या समोर, आणि मोठं माणूस पाण्यात आधी. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला अजिबात नाही, वर फळ्या काढल्या की पाणी एकदम येतं. आणि साबण, शाम्पू, भांड्यांची राख-चिकट काहीही नदीत नको. हेच पाणी पुढं नविलुतीर्थाच्या धरणात साठतं आणि हुबळी-धारवाडची माणसं ते पितात. माझी सख्खी बहीण धारवाडला राहते. तिच्या घागरीत मी माझं खरकटं कशी टाकू?

बायकांची अडचण कुणी लिहीत नाही, मी लिहिते. शिवारात राहायचं म्हटलं की पहिला प्रश्न तोच. गावात घर ओळखीचं असलं की संडास-न्हाणी वापरता येते, आणि मुलींना रात्री बिनघोर वाटतं. त्या निर्जन कातळावर हे काय होणार होतं, भाऊजी?

पैशाचंही स्पष्ट बोलू. जागेचे पैसे आजोबांनी कधी घेतले नाहीत, पण दूध, अंडी, नाचणीच्या भाकऱ्या, सरपण, पिंजर याचे आम्ही त्यांच्या सुनेच्या हातात रोख देतो. शहरातून सगळं भरून न्यायचं आणि कचरा तेवढा तिथं ठेवून यायचं, ही पद्धत मला चीड आणते. येताना खानापुरात थांबून मातीचं एखादं भांडं घ्या. तिथल्या कुंभारकामाचं नाव फार जुनं आहे, आणि त्या भांड्यातल्या आमटीची चव जाऊबाईंना आवडेल.

बाकी प्रवासाचं सोपं आहे. बेळगाव ते जांबोटी गाडीनं तास-सव्वा तास. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधानसभेचं अधिवेशन असतं, तेव्हा शहरात लॉज मिळत नाहीत. तुम्ही थेट आमच्याकडं उतरा. एक दिवस असोग्याच्या रामलिंग देवळापाशी नदी बघू, एक दिवस कणकुंबीला उगमावर जाऊ. माउलीच्या देवळात बसलं की मुलांना दोन समुद्रांची गोष्ट तिथंच सांगता येईल. रात्री मृग नक्षत्रातलं तीन ताऱ्यांचं तिकांडं बघत पडायचं. आजोबा त्याच्यावरून वेळ सांगायचे. घड्याळाशी ताडून बघितलं तर दहा-पंधरा मिनिटांचा फरक.

"सांगायचे" लिहिलं, कारण आजोबा गेल्या श्रावणात गेले. परवा मी त्यांच्या मुलाला फोन केला. काका म्हणाले, "वहिनी, या की. खालच्या दोन वाफ्यांत मसूर टाकलाय, त्याच्या वरचा बाबांचा वाफा मोकळाच ठेवलाय. पिंजर किती लागंल तेवढं सांगा." मी म्हटलं, यंदा आठ माणसं आहोत. ते म्हणाले, "मग गाडीभर ठेवतो. आणि येताना आईसाठी कुंदा आणा, ती तुमची वाट बघायलीय."

भाऊजी, २४ तारखेची गाडी धरा.