आबांच्या ७ गाठी आणि नवे २ ठिपके, तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई, सेंटर माझंच आहे आणि रेडिएशनचा डॉक्टरही मीच, म्हणून रिसेप्शनला न सांगता स्वतः लिहितोय. आबांच्या फाईलमधलं काही इथं उघड्यावर टाकणार नाही, तुम्ही जेवढं लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो. तुमचं म्हणणं, मेंदूत कॅन्सरच्या ७ गाठी असताना आम्ही महागडी रेडिओसर्जरी (म्हणजे चाकू न लावता फक्त गाठींवर नेम धरून दिलेला किरणांचा शेक) गळ्यात मारली, अडीच महिन्यांत एमआरआयमध्ये नवे २ ठिपके, म्हणजे नव्या छोट्या गाठी, आल्या, दुसरीकडचे डॉक्टर म्हणाले आधीच सगळ्या मेंदूला शेक द्यायचा होता, आणि त्या दिवशी ३ तास ताटकळत ठेवलं ते वेगळंच.

ताटकळण्याचं आधी, कारण तिथं चूक आमचीच. सकाळच्या तपासणीत मशीनचा नेम जरासा सरकलेला दिसला, आणि अशा गाठी पुष्कळदा ६-७ मिलिमीटरच्या असतात, तिथं १ मिलिमीटरपण लहान नसतो, म्हणून फिजिसिस्टनी (मशीनचे किरण मोजून तपासणारे तज्ज्ञ) काम थांबवून सगळं परत मोजलं. ते बरोबरच केलं. पण बाहेर बाकावर बसलेल्या आबांना कुणी येऊन सांगितलं नाही, साधा चहा विचारला नाही. मनापासून माफी मागतो. कपाळावर जाळीचे वळ उठले म्हणालात, ते मास्कचे. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबून बसवतो, गार झाली की कडक होते, सैल राहिली तर डोकं हलतं. वळ लवकर जातात, पण हेही आधी सांगायला हवं होतं.

आता ७ गाठींचं. जपानमध्ये ११९४ पेशंटचा अभ्यास झाला, २०१४ साली छापून आला, त्यात ५ ते १० गाठीवाले पेशंट २ ते ४ गाठीवाल्यांइतकेच जगले, अर्थात गाठी लहान होत्या. म्हणजे नुसता आकडा बघून नाही म्हणायचं कारण नाही.

पण नेमका शेक फक्त दिसणाऱ्या गाठींनाच बसतो ताई, त्या दिवशी एमआरआयमध्ये न दिसलेल्या पेशी तशाच राहतात. ह्यूस्टनच्या २००९ च्या अभ्यासात (१ ते ३ गाठीवाले पेशंट होते) वर्षभर मेंदूत परत काही न दिसलेले नुसत्या रेडिओसर्जरीत २७ टक्के, आणि वरून सगळ्या मेंदूलाही शेक दिला तर ७३ टक्के. मग तोच का नाही दिला? कारण त्याच अभ्यासात ४ महिन्यांनी शिकण्या-आठवण्यात घसरण नुसत्या रेडिओसर्जरीत २४ टक्के आणि दोन्ही दिल्यावर ५२. आबांनी नातवंडांची नावं विसरू नयेत म्हणून आपण हा रस्ता घेतला, आणि नवे ठिपके येऊ शकतात हे त्यातच धरलेलं होतं, म्हणूनच दर २-३ महिन्यांनी एमआरआय. हे तुम्हाला समजेल अशा शब्दांत मी सांगायला हवं होतं, सहीच्या कागदावर असणं पुरेसं नाही. त्या एमआरआयचे पैसे वेगळे हेही काउंटरवर धड सांगितलं गेलं नाही, आता लिहूनच देतो.

दुसरे डॉक्टर चूक आहेत असं मी म्हणत नाही, गाठी भराभर वाढत असतील तर सगळ्या मेंदूचा शेकच योग्य ठरतो. येताना एमआरआयची जुनी आणि नवी दोन्ही सीडी आणा, नुसता रिपोर्ट नको. जुन्या ७ जागा एकेक करून शेजारी लावून दाखवतो, फी नाही, आणि त्या डॉक्टरांशी तुमच्यासमोरच फोनवर बोलतो. तोवर स्टेरॉइडची गोळी मनाने बंद करू नका, आणि उलट्या, डोकेदुखी वाढली किंवा फिट आली तर आमची वाट न बघता जवळच्या कॅज्युअल्टीत न्या, रात्रीचे २ वाजले असले तरी.