‘अर्नाळा’ आणि उथळ पाणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

भारतीय नौदलाच्या ‘अर्नाळा’ वर्गाच्या पाणबुडीविरोधी युद्धनौकांवरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. शत्रूच्या पाणबुड्या खोल समुद्रात वावरत असताना जेमतेम ७७ मीटर लांबीची, हेलिकॉप्टर नसलेली नौका किनाऱ्याजवळ फिरवून काय साधणार, हा आपला पहिला आक्षेप. आणि या नौका ऐंशी टक्के स्वदेशी आहेत, हा आकडा मी पारखून न घेता कसा दिला, हा दुसरा. दुसरा आक्षेप बराचसा मान्य आहे. पहिला मुळीच मान्य नाही, म्हणून त्यावरच सविस्तर लिहितो.

‘उथळ’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कंबरभर पाणी येते, आणि घोटाळा तेथेच होतो. मुंबई हायचे तेलक्षेत्र मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे आणि तेथे समुद्राची खोली साधारण ७५ मीटर आहे. आपल्या ‘कलवरी’ वर्गाची पाणबुडी ६७.५ मीटर लांब असते. ती तेथे नाकावर उभी केली, तर शेपूट जेमतेम पाण्याखाली राहील. मात्र तीच पाणबुडी आडवी, तळाला लागून, अगदी संथ चालू लागली, तर तिचा माग काढणे महाकठीण होते. पश्चिम किनाऱ्यावरचे ‘उथळ पाणी’ हा असा रुंद पट्टा आहे, आणि तेलविहिरींचे फलाट, बंदरांची तोंडे, गोदीतून बाहेर पडणारी प्रत्येक मोठी युद्धनौका हे सारे त्याच पट्ट्यात येते.

या पाण्यात सोनारची, म्हणजे ध्वनीच्या आधारे पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राची, दमछाक होते. ध्वनिलहरी तळावर आणि पृष्ठभागावर आपटून परत येतात, बुडालेली जहाजे आणि खडक खोटे प्रतिध्वनी देतात, त्यात मासेमारीच्या ट्रॉलरांचा गोंगाट मिसळतो. शिवाय वारा पडलेल्या दुपारी वरचे पाणी उन्हाने तापले की ध्वनी खालच्या थंड पाण्याकडे वाकतो, आणि सकाळी चांगले ऐकू शकणारा, जहाजाच्या बुडाशी बसवलेला सोनार दुपारी जवळजवळ बहिरा होतो. ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धापासून नौदलांना ठाऊक आहे. म्हणूनच ‘अर्नाळा’ वर्गाच्या नौकांवर बुडाशी असलेल्या सोनारच्या जोडीला, केबलने हव्या त्या खोलीवर, म्हणजे त्या तापलेल्या थराच्याही खाली सोडता येणारा सोनार आहे. पाण्याचा झोत मागे फेकून नौका पुढे जात असल्यामुळे बुडाखाली लोंबणारा पंखाही नाही.

आपली युद्धनौका ‘खुकरी’ आठवा. ९ डिसेंबर १९७१ रोजी ती बुडाली ती मध्य महासागरात नव्हे, तर दीवजवळच्या समुद्रात. ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीराने, आणि ‘खुकरी’ स्वतः पाणबुड्यांच्या शिकारीसाठी बांधलेली फ्रिगेट असताना. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दीवच्या स्मारकात काचेच्या पेटीत तिची छोटी प्रतिकृती समुद्राकडे तोंड करून ठेवलेली आहे. त्या पेटीपुढे उभा राहिल्यापासून ‘किनाऱ्याजवळ कोण येणार’ हा प्रश्न मला विचारवत नाही.

हे काम आजवर सोव्हिएत बांधणीच्या ‘अभय’ वर्गाच्या चार छोट्या नौका करीत होत्या. १९८९ ते १९९१ या काळात दाखल झालेल्या त्या नौका थकल्या. ‘अग्रय’ २०१७ मध्ये, तर ‘अक्षय’ आणि ‘अजय’ २०२२ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांची जागा घेण्यासाठी एप्रिल २०१९ मध्ये सोळा नौकांचे करार झाले, आठ कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीशी आणि आठ कोचीन शिपयार्डशी. पहिली ‘अर्नाळा’ विशाखापट्टणमला दाखल झाली ती १८ जून २०२५ रोजी. सहा वर्षे लागली, आणि हा विलंब मला आपल्याइतकाच खुपतो.

हेलिकॉप्टर नाही हे खरे. मात्र किनाऱ्यालगत काम करणाऱ्या नौकेच्या डोक्यावर गोव्याच्या ‘हंसा’ या नौदल तळावरील, पाणबुड्या शोधणारे पी-८आय विमान येऊ शकते. एवढ्या छोट्या नौकेवर हेलिकॉप्टरचा डेक आणि हँगर चढवायचे, तर ती लहान आणि स्वस्त राहत नाही, आणि सोळाच्या जागी चारच मिळतात. मला सोळा हव्यात.

आता ऐंशी टक्क्यांविषयी. हा आकडा सरकारी आहे आणि तो संपूर्ण नौकेचा मिळून आहे, हे मी सांगायला हवे होते. जहाजाचा सांगाडा आणि पोलाद यांत आपण खूप पुढे आलो आहोत. इंजिने व नौका पुढे ढकलणारी यंत्रणा यांत तेवढे नाही, आणि शस्त्रास्त्रांत त्याहूनही मागे. नौदलाच्या २०१५ च्या स्वदेशीकरण आराखड्यातही हाच उतरता क्रम मान्य केलेला आहे. उलट उथळ पाण्यातील नौकांसाठीच विकसित झालेला, जुन्या नौकांप्रमाणेच ‘अभय’ नाव असलेला सोनार कोचीच्या आपल्याच प्रयोगशाळेचा आहे, आणि पाणबुडीविरोधी नौकेत कान हाच सर्वांत अवघड अवयव असल्यामुळे, मी टक्केवारीपेक्षा या एका गोष्टीला अधिक मोल देतो.

ज्या किल्ल्यावरून नौकेला नाव मिळाले, त्याविषयीची आपली सूचना योग्य आहे. अर्नाळ्याचा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेऊन नव्याने बांधला, अशी दुरुस्ती केली आहे. तो वैतरणेच्या मुखाशी आहे, हेही जोडले. ‘संपूर्ण स्वदेशी’ हे शब्द लेखातून काढले आहेत. ‘किनाऱ्याजवळची नौका’ हे शब्द मात्र तसेच ठेवले असून, त्यांच्यापुढे मुंबई हायची खोली लिहिली आहे.